मदत हवी आहे: जपानी व्याह्यांसाठी पंगत कशी मांडावी, आणि पुढे त्यांच्या घरी जेवताना काय सांभाळावे?

शेवंती:

नमस्कार. माझ्या धाकट्या मुलाचा विवाह येत्या मार्गशीर्षात पुण्यात आहे. मुलगा नोकरीनिमित्त नागोयाला असतो आणि होणारी सूनही तिथलीच. तिचे आईवडील आणि आजी लग्नाच्या काही दिवस आधी येऊन आमच्याच घरी उतरणार आहेत, त्यामुळे केळवण, लग्नाची पंगत आणि मधली घरगुती जेवणे असे सगळेच त्यांच्या वाट्याला येईल. पुढे चैत्रात आम्ही दोघे त्यांच्याकडे जाणार आहोत. एरवी दुभाष्याचे काम मुलगा करतो. परंतु लग्नाच्या दिवशी तो बोहल्यावर असेल आणि पंगतीत या तिघांच्या शेजारी आम्हीच असू. म्हणून दोन्हीकडच्या रीती ज्यांना ठाऊक आहेत त्यांच्याकडून आधीच समजून घ्यावे, या हेतूने हा धागा काढते आहे.

हाताने जेवायचे की चमच्याने, हा प्रश्न मला अवघड वाटत नाही. ताटाशेजारी चमचा ठेवू, ज्याला जसे रुचेल तसे तो जेवेल. अडचणी दुसऱ्याच आहेत. पहिली आग्रहाची. मुलगा सांगतो की तिकडे पुढ्यात आलेले सगळे संपवणे हीच सभ्यता मानतात. आमच्याकडे पान रिकामे दिसले की वाढपी पुन्हा वाढतो, आणि माझे दीर तर जिलबीच्या आग्रहात आजवर कोणाला हार गेलेले नाहीत. म्हणजे पाहुणे सभ्यपणे संपवत राहणार आणि आम्ही प्रेमाने वाढत राहणार. हे थांबवायचे कोणी आणि कसे?

दुसरी अडचण व्याह्यांची. ते डावखुरे आहेत. माझ्या सासूबाई जुन्या वळणाच्या. डाव्या हाताने कोणी घास घेतला तर त्या बोलणार नाहीत, पण त्यांच्या चेहऱ्यावर ते दिसल्याशिवाय राहणार नाही.

तिसरी गोष्ट सर्वांत नाजूक आहे. सुनेच्या आजींची इच्छा आहे की केळवणाच्या दिवशी आपल्या हातांनी ‘सेकिहान’ करावे. अझुकी नावाच्या बारीक लाल कडधान्याबरोबर शिजवलेला हा चिकट, तांबूस भात जपानात मंगलप्रसंगी करतात. सुनेने त्याचे छायाचित्र पाठवले तेव्हा भातावर काळे तीळ भुरभुरलेले दिसले. भात आणि काळे तीळ एकत्र पाहिले की आपल्याकडे मनात काय येते, ते येथे लिहायला नको. आजींना नको म्हणणे मला शक्य नाही, आणि सासूबाईंसमोर ते ताट तसेच ठेवणेही शक्य नाही.

चैत्रातल्या भेटीबद्दल एवढेच, की आम्ही पूर्ण शाकाहारी आहोत आणि चॉपस्टिक मी हातातसुद्धा धरलेली नाही.

निशिकासाईकर:

शेवंतीताई, अभिनंदन. मी बरीच वर्षे तोक्योच्या एदोगावा प्रभागात, निशिकासाईला राहते. येथे भारतीयांची मोठी वस्ती आहे, त्यामुळे दोन्हीकडच्या पानांवर बसण्याची सवय झाली आहे.

आग्रहाबाबतची तुमची शंका अगदी रास्त आहे, आणि प्रकरण तुम्हाला वाटते त्याहून थोडे अधिक गुंतागुंतीचे आहे, कारण दोन्हीकडच्या खुणा एकमेकींच्या नेमक्या उलट आहेत. जुन्या वळणाच्या जपानी घरात भात आणखी हवा असेल, तर वाडग्यात एक घास शिल्लक ठेवून वाडगा पुढे करतात. शेवटचा दाणाही उरला नाही, तर जेवण झाले असे यजमान समजतात. तुमच्या पंगतीत आजी पान लख्ख करतील तेव्हा त्या ‘आता पुरे’ असे सांगत असतील आणि तुमचे दीर ‘आणखी हवे’ असे ऐकतील. त्यात आपल्याकडचे पहिले दोन-तीन नकार हे नकार मानायचेच नसतात, ही आणखी एक गोष्ट. पाहुण्यांना ते कळण्याचे कारण नाही.

त्यामुळे तोंडी सूचनेवर विसंबू नका. पानावर आडवा हात धरण्याची आपली खूण त्यांना पहिल्याच घरगुती जेवणात करून दाखवा, आणि त्यांनी ती केली की घरात कोणीही, दिरांसह, पुढे वाढायचे नाही असे ठरवून टाका. वाढप्याला पहिल्या फेरीत सगळे निम्म्याने वाढायला सांगा. याहून महत्त्वाचे म्हणजे जेवणाचा क्रम जपानीत लिहून प्रत्येकाच्या हाती द्या. साधा वरण-भात आणि तूप पहिल्यांदा येते, मग पुरी-भाजी, मग मसालेभात, आणि शेवटी ताकभात. हे माहीत नसलेला माणूस पहिल्या वरण-भातालाच जेवण समजून पोटभर जेवतो, आणि मसालेभात आला की घाबरतो. जिलबी किंवा श्रीखंड अधेमध्ये खायचे असते, शेवटासाठी राखायचे नसते, हेही त्या कागदावर असू द्या. ताकभात आला म्हणजे जेवण संपत आले, एवढे लिहिले तरी पुरे. ते त्यांना चटकन उमजेल, कारण जपानी औपचारिक भोजनातही भात, लोणचे आणि सूप हे शेवटी येतात.

भात घरी करणार असाल तर बासमतीच्या वाटेला जाऊ नका. इंद्रायणी किंवा आंबेमोहोर त्यांना त्यांच्या भाताच्या जवळचा वाटेल, आणि हाताने खायचे ठरवले तर घासही नीट धरला जाईल. हाताचा त्यांना बाऊ वाटेल असे समजू नका. ओनिगिरी, म्हणजे भाताचे मुटके, हातानेच खातात, आणि सुशी हाताने खाणे हेही रीतीला धरून आहे. सवय नसते ती वरण-भात बोटांनी कालवण्याची. तेव्हा त्यांनी भात वेगळा आणि वरण वेगळे खाल्ले तर खाऊ द्या.

अंगतपंगत:

वहिनी, डावखुऱ्या व्याह्यांविषयी लिहितो, कारण या बाबतीत आपण स्वतःचीच रीत अर्धवट सांगतो. ‘डावा हात वापरायचा नाही’ असे आपण मुलांना शिकवतो खरे. पण जेवताना डावा हात रिकामा बसलेला नसतो. उजवा हात खरकटा झाल्यामुळे पाण्याचे भांडे डाव्या हाताने उचलतो, घरच्या जेवणात पळी डाव्या हाताने धरून आमटी वाढून घेतो, आणि शेजाऱ्याला मीठ हवे असेल तर तेही डाव्याच हाताने सरकवतो. म्हणजे नियम एका हाताच्या अपवित्रतेचा जेवढा आहे, तेवढाच तो एक हात खरकटा आणि एक हात स्वच्छ ठेवण्याचा आहे. व्याह्यांनी डाव्या हाताने जेवून उजवा स्वच्छ ठेवला, तर नियमाचा हेतू सांभाळला जातो. आपल्या सासूबाईंना हे याच शब्दांत सांगून पाहा. जुनी माणसे सोवळ्या-खरकट्याचा हिशेब आपल्यापेक्षा लवकर मान्य करतात, असा माझा अनुभव आहे.

व्यवहाराच्या दोन गोष्टी. त्यांना ओळीत त्यांच्या डाव्या हाताकडच्या शेवटच्या पाटावर बसवावे, म्हणजे कोपराला कोपर लागणार नाही. आणि त्यांचे पाण्याचे भांडे पानाच्या उजवीकडे ठेवावे. बाकी पानाची मांडणी बदलू नये. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर डावीकडे आणि भाज्या उजवीकडे, ही मांडणी पाहण्यात त्यांना रस वाटेल, कारण त्यांच्याकडेही भाताचा वाडगा डावीकडे आणि सूप उजवीकडे असे ठरलेले असते, असे मी वाचले आहे. निशिकासाईकर ताई यावर अधिकाराने सांगतील.

पंगतीच्या सुरुवातीचे आणि शेवटाचे मात्र आवर्जून समजावून सांगा. सर्वांना वाढून होऊन श्लोक म्हटल्याखेरीज हात पानाला लागत नाही, आणि शेजारचा जेवत असताना उठायचे नाही, सगळ्यांनी बरोबर उठायचे. पहिली गोष्ट पाहुणे पाहून पाहून करतील. दुसरी कोणी सांगितली नाही तर अंगावर येते, कारण पाय आखडलेला माणूस कधी एकदा उठतो असे झालेला असतो. आजींसाठी खुर्ची आणि चौरंग ठेवावा आणि त्यांच्याबरोबर आपल्याकडच्याही एकदोन वयस्कर मंडळींना खुर्चीवर बसवावे. एकट्या पाहुण्याला उंचावर बसवले की त्याला संकोच होतो.

चिंचगूळ:

मला हे सगळे थोडे जास्तच वाटते आहे. माणसे इतक्या दूर आपली पंगत पाहायला येणार, आणि आपण आधीच वाढप्याचे हात बांधून, दिरांना गप्प बसवून, भात बदलून ठेवणार. मग त्यांनी पाहायचे काय? तिखट कमी करा, पाणी बाटलीचे ठेवा, आणि बाकी पंगत नेहमीसारखी होऊ द्या. आग्रहात थोडी फजिती झाली तर ती पुढे वर्षानुवर्षे सांगण्यासारखी आठवण होते.

निशिकासाईकर:

चिंचगूळ, तुमचे म्हणणे तरुण पाहुण्यांच्या बाबतीत मी मान्य करीन. म्हाताऱ्या आजींच्या पोटाच्या बाबतीत नाही. ज्या बाई संकोचामुळे ‘नको’ म्हणणार नाहीत आणि रीत म्हणून पानात टाकणार नाहीत, त्यांच्या पानात तिसऱ्यांदा जिलबी पडली तर फजिती त्यांची एकट्यांची होते. अंगतपंगत यांनी वाडग्यांबद्दल लिहिले आहे ते बरोबर आहे.

एक गोष्ट मघाशी राहिली. लग्नाच्या पंगतीत ओळींमध्ये उदबत्त्या लावण्याची आपल्याकडे पद्धत आहे. जपानात उदबत्तीचा वास म्हटला की पूर्वजांचे देवघर आणि अंत्यविधी आठवतात. पाहुण्यांच्या पानाजवळची उदबत्ती थोडी लांब ठेवा, इतकेच.

शेवंती:

सर्वांचे मनापासून आभार. डाव्या हाताची बाब मी सासूबाईंना अंगतपंगत यांच्याच शब्दांत सांगितली. त्या म्हणाल्या, “मग त्यांना पाणी उजवीकडे ठेवा.” तेव्हा तो प्रश्न सुटला असे समजते. दिरांची समजूत काढणे चालू आहे.

उदबत्तीवरून आठवले. माझ्या पुतणीने केळवणाच्या ताटांची सजावट अंगावर घेतली आहे. पाहुण्यांच्या ताटात भाताची मूद घालून तिच्यात दोन चॉपस्टिक उभ्या खोवायच्या आणि त्यांना झेंडूची पाकळी लावायची, अशी तिची कल्पना आहे. छायाचित्रात छान दिसेल असे तिचे म्हणणे. याला काही हरकत नसावी ना? आणि काळ्या तिळांचे कोणीच काही सांगितले नाही.

निशिकासाईकर:

ताई, पुतणीला आजच्या आज थांबवा. जपानात माणूस गेल्यानंतर त्याच्या उशाशी वाडगाभर शीग लावलेला भात ठेवतात आणि त्यात चॉपस्टिक उभ्या खोवतात. भातात उभ्या चॉपस्टिक हे दृश्य त्यांच्यासाठी तेच आहे, जे तुमच्या सासूबाईंसाठी भातावरचे काळे तीळ. नुसती मूद चालेल, तिच्यात काही उभे खोवलेले चालणार नाही. त्याचप्रमाणे आपल्या चॉपस्टिकमधला घास दुसऱ्याच्या चॉपस्टिकमध्ये कधीही द्यायचा नाही, कारण दहनानंतर अस्थी वेचताना नातेवाईक चॉपस्टिक वापरतात आणि त्या एकीतून दुसरीत देतात. उद्या नागोयाला सुनेला प्रेमाने एखादा तुकडा द्यावासा वाटला, तर तो तिच्या छोट्या ताटलीत ठेवा. केळवणात नवरा-नवरीने एकमेकांना घास भरवणे मात्र निर्धास्तपणे होऊ द्या. हल्ली जपानी लग्नातही वधूवर एकमेकांना केक भरवतात, त्यामुळे त्यात त्यांना नवल वाटणार नाही.

आता तीळ. सेकिहानवर जे भुरभुरतात ते भाजलेले काळे तीळ आणि मीठ यांचे मिश्रण असते, त्याला गोमाशिओ म्हणतात. ते वरून घालायचे असते, भाताबरोबर शिजवायचे नसते, म्हणून सोडवणूक सोपी आहे: भात कोरा वाढायचा आणि तीळमीठ वेगळ्या वाटीत, ज्याचे त्याला घेता येईल असे ठेवायचे. पण आजींना कारण न सांगता हे करू नका. उभ्या चॉपस्टिकचे उदाहरण देऊन सुनेने त्यांना समजावले, तर पुढचे काहीच बोलावे लागणार नाही. सासूबाईंनाही याच उदाहरणाने सांगा. दोघी आज्यांना ही गोष्ट आपल्यापेक्षा अधिक चांगली कळेल, असे मला वाटते.

चैत्रातल्या भेटीविषयी. शाकाहाराची खरी अडचण मांसाच्या तुकड्यात नसून दाशीत आहे. दाशी म्हणजे सूप, आमटी, भाज्या अशा जवळजवळ सगळ्या पदार्थांच्या बुडाशी असलेले पाणी, आणि ते बहुधा वाळवलेल्या कात्सुओ माशाच्या कीसापासून करतात. मिसो म्हणजे सोयाबीन आंबवून केलेला खारट लगदा. नागोयाच्या बाजूला प्रसिद्ध असलेला गडद लाल मिसो, ओकाझाकीचा हात्चो मिसो, हा नुसत्या सोयाबीनचा असतो. परंतु त्याचे सूप करताना दाशी येतेच. ‘मांस-मासे खात नाही’ एवढे सांगितले तर यजमान अगदी प्रामाणिकपणे माशाच्या पाण्यातले टोफू पुढे ठेवतील. म्हणून सुनेकरवी असे सांगा की दाशी कोम्बु या समुद्री वनस्पतीची किंवा वाळवलेल्या शिताके अळंबीची हवी. बौद्ध मठांतील शोजिन र्योरी याच पद्धतीने होते आणि तिच्यात कांदा-लसूणही वर्ज्य असतो. सवड असेल तर वाकायामातील कोयासानला एखाद्या मठात मुक्काम करा. तेथे सगळे जेवण निःशंक मनाने जेवता येते. नागोयाहून तो प्रवास बराच आहे, पण तुम्हा दोघांना तो आवडेल.

चॉपस्टिकचा सराव करून ठेवा, पण जमले नाही तर चमचा मागण्यात कमीपणा नाही. रीतीच्या चार गोष्टी मात्र सांभाळा. घास टोचून उचलू नये, कोणता घ्यावा म्हणून पदार्थांवर चॉपस्टिक फिरवू नये, आणि खाली ठेवताना वाडग्यावर आडव्या न ठेवता त्यांच्यासाठी असलेल्या छोट्या टेकूवर, टोके डावीकडे करून ठेवाव्यात. भाताचा वाडगा डाव्या हातात उचलून धरायचा, ताटाकडे वाकायचे नाही. तुमच्या सवयीला हे उलट वाटेल, कारण आपण ताट उचलून जेवत नाही. मधल्या सामाईक ताटातले घ्यायला वेगळ्या चॉपस्टिक असतात, त्याच वापरा. याबाबतीत तुम्हाला शिकवावे लागणार नाही, उष्ट्याचा विचार आपल्याला बालपणापासून असतोच. घरातल्या प्रत्येकाच्या चॉपस्टिक आणि भाताचा वाडगासुद्धा तिकडे वेगळा असतो. सोबा किंवा रामेन या शेवयांचे प्रकार खाताना व्याही आवाज करत भुरके मारतील, त्याचे नवल करू नका. कढीच्या भुरक्याची सवय असलेले आपले यजमान तर त्यांना सामील होऊ शकतील. ढेकर मात्र तेथे दाबायची. आणि जेवणाला सुरुवात करताना ‘इतादाकिमासु’, संपल्यावर ‘गोचिसोसामा’ म्हणा. आपल्याकडे श्लोक आणि ‘अन्नदाता सुखी भव’ यांच्या जागी जे येते ते हेच.

शेवंती:

इतके तपशीलवार कोणी सांगेल अशी अपेक्षा नव्हती. पुतणी थोडी हिरमुसली, पण तिने आता मुदीवर तुळशीचे पान ठेवायचे ठरवले आहे. आणखी दोनच शंका. व्याही संध्याकाळी साके घेतात आणि आमचे हे निर्व्यसनी आहेत. तेथे पेला नाकारणे अपमानाचे होईल का? आणि दुसरे, आजी सेकिहानचे जिन्नस सामानातून आणायचे म्हणत आहेत, पण विमानतळावर धान्य अडवतील अशी मुलाला भीती वाटते. येथे काही पर्याय मिळेल का?

अंगतपंगत:

पेल्याबद्दल निशिकासाईकर ताईंनी सांगावे. दिरांना मात्र एक निरोप द्या: आग्रह वाढण्याचाच असावा असे नाही. जेवण झाल्यावर विड्याचा करावा. विडा कोणी नाकारला तरी चालतो.

निशिकासाईकर:

पेला नाकारला म्हणून कोणी रागावत नाही, नागोयाला ओलाँग चहा किंवा मुगीचा, म्हणजे जवाचा, थंड चहा घेता येईल. लक्षात ठेवायचे ते एवढेच, की तिकडे स्वतःचा पेला स्वतः भरत नाहीत, शेजाऱ्याचा भरतात. तुमच्या यजमानांनी बाटली दोन्ही हातांनी धरून व्याह्यांना ओतून द्यावे आणि त्यांनी चहा ओतला की आपला पेला उचलून पुढे धरावा. स्वतः न पिताही पूर्ण मान राखला जातो. सगळ्यांचे पेले भरून ‘कान्पाइ’ म्हणेपर्यंत घोट घेऊ नये, इतकेच पथ्य.

सेकिहानसाठी अझुकी मिळाली नाही तर मंडईतून बारीक लाल चवळी आणा. आजींना तो पर्याय दुय्यम वाटणार नाही, कारण तोक्योच्या बाजूला अनेक घरांत सेकिहान अझुकीऐवजी ससागे घालून करतात, आणि ससागे म्हणजे चवळीच. शिजताना अझुकीचे साल फुटते. एदोतल्या, म्हणजे जुन्या तोक्योतल्या, सामुराईंना ते पोट चिरल्यासारखे अशुभ वाटे, म्हणून न फुटणारी चवळी आली, असे त्याचे कारण सांगतात. तांदूळ मात्र इंद्रायणी चालणार नाही, पूर्ण चिकट जातीचाच लागतो. आसामचा बोरा साउल त्या जातीचा आहे आणि तो मागवता येतो. चवळी उकडलेल्या लाल पाण्यात तांदूळ रात्रभर भिजत घालावा लागतो आणि तो वाफेवर शिजवतात, तेव्हा मोदकपात्र आणि एक पांढरे पातळ फडके आजींसाठी आदल्या दिवशी काढून ठेवा.